टॉमकॅट ९ वर आल्यापासून सकाळी सर्व्हर अडकतो, मॅक्सथ्रेड्स वाढवू का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघाचा संगणक विभाग मी बघतो. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) अशी प्रत्येक शेतकऱ्याची नोंद आमच्या जावा अ‍ॅप्लिकेशनमध्ये येते. ते चालवणारा टॉमकॅट सर्व्हर एका लिनक्स मशीनवर (१६ जीबी रॅम, त्यातली ४ जीबी हीपला, म्हणजे जावाच्या मेमरीला), मायएसक्यूएल दुसऱ्या मशीनवर.

टॉमकॅट ७ चा सपोर्ट मार्च २०२१ मध्येच संपलाय, म्हणून परवा-परवा ९ वर आलो. १० वर गेलो असतो तर सगळे जावाएक्स इम्पोर्ट बदलून जकार्ता करावे लागले असते, तेवढा वेळ नव्हता. सर्व्हर डॉट एक्सएमएल नव्या आवृत्तीचाच ठेवला, डेटासोर्स (डेटाबेस कनेक्शनची सेटिंग) असलेला कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएल जुना तसाच आणला.

तेव्हापासून सकाळी सहा ते आठमध्ये सगळं अडकतं. ब्राउझर नुसता फिरत राहतो, एरर काही येत नाही. टॉप लावून बघितलं तर जावाचा सीपीयू जवळजवळ शून्य. रीस्टार्ट केलं की थोडा वेळ चालतं. रोज होत नाही, पण होतं तेव्हा लागोपाठ होतं. केंद्रावर शेतकरी कॅन घेऊन रांगेत उभे, आणि बल्क कूलरपर्यंत पोचायला उशीर झाला की दूध आंबतं. नुकसान त्यांचं होतं, मला रात्री झोप लागत नाही. मॅक्सथ्रेड्स (एकाच वेळी रिक्वेस्ट हाताळणाऱ्या थ्रेडची कमाल संख्या) २०० आहे. ५०० करू का?

मुळामुठा:
करा. आणि हीप पण ८ जीबी करून टाका, रॅम आहेच की. आमच्याकडे असंच व्हायचं, हीप वाढवल्यावर थांबलं.

सातपुडा:
कृष्णाकाठ, थांबा, अजून काहीही वाढवू नका. हीप भरली असती तर गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा) धावत राहिला असता आणि जावाचा सीपीयू वर गेला असता. तुमचा तर शून्याजवळ आहे. म्हणजे थ्रेड काम करत नाहीयेत, कशाची तरी वाट बघत बसलेत. वाट बघणारे २०० चे ५०० केले तर ५०० जण वाट बघतील.

एरर का येत नाही तेही सांगतो. २०० थ्रेड अडकले तरी टॉमकॅट नवीन कनेक्शन घेतच राहतो. मॅक्सकनेक्शन्सची मर्यादा हजारांत असते, आणि ती भरल्यावरही अ‍ॅक्सेप्टकाउंटची १०० ची रांग शिल्लक असते. केंद्रावरच्या माणसाला वाटतं नोंद जातेय.

पुढच्या वेळी अडकलं की रीस्टार्ट करायच्या आधी थ्रेड डंप (प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कुठे आहे त्याची यादी) घ्या. रीस्टार्ट केला की पुरावा गेला. टॉमकॅट ज्या युजरने चालतो त्याच युजरने जेस्टॅक (जेडीकेमधलं डंप घेणारं टूल) चालवा आणि आउटपुट फाइलमध्ये घ्या. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन डंप. जेडीके नसेल, नुसता जेआरई असेल, तर किल उणे ३ आणि प्रोसेस आयडी द्या. घाबरू नका, त्याने प्रोसेस मरत नाही, डंप कॅटालिना डॉट आउटमध्ये उतरतो. मग एचटीटीपी-एनआयओ-८०८०-एक्झेक या नावाने सुरू होणारे थ्रेड शोधा आणि ते कुठल्या ओळीवर उभे आहेत ते इथे टाका.

आणि एक विचारायचंय: ज्या दिवशी अडकतं त्या तारखा कुठल्या?

कृष्णाकाठ:
सर, आज सकाळी परत अडकलं, तिन्ही डंप घेतले. २०० पैकी १९२ थ्रेड 'वेटिंग (पार्किंग)'मध्ये. वरून वाचत गेलं की लिंक्डब्लॉकिंगडेकचं टेकफर्स्ट, त्याखाली जेनेरिकऑब्जेक्टपूलचं बॉरोऑब्जेक्ट. उरलेले ८ मायएसक्यूएलच्या सॉकेटवर वाचत बसलेत आणि ते आठही बिलाच्या रिपोर्टमधून आलेत.

तारखांचं म्हणाल तर आज ११. मागे १ आणि २१ च्या आसपास झालं होतं. आमचं शेतकऱ्यांचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. सुपरवायझर सकाळी येऊन आपापल्या विभागाचा रिपोर्ट लावतात.

सातपुडा:
सापडलं. ते १९२ थ्रेड पूलमधून, म्हणजे डेटाबेस कनेक्शनच्या साठ्यातून, कनेक्शन मिळायची वाट बघतायत. जुन्या कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमध्ये मॅक्सअ‍ॅक्टिव्ह (जास्तीत जास्त किती कनेक्शन) आणि मॅक्सवेट (कनेक्शनसाठी किती वेळ थांबायचं) लिहिलेलं असणार. टॉमकॅट ७ मध्ये डीबीसीपी १ (हा पूल सांभाळणारी लायब्ररी) होतं, त्यात ही नावं चालायची. ८ पासून डीबीसीपी २ आलं आणि नावं मॅक्सटोटल, मॅक्सवेटमिलिस अशी झाली. जुनं नाव दिसलं तर ते वापरलं जात नाही. मॅक्सटोटलचा डीफॉल्ट ८, आणि मॅक्सवेटमिलिसचा उणे १, म्हणजे कनेक्शन मिळेपर्यंत कितीही वेळ थांबा. तुमचे ते आठ थ्रेड म्हणजे हेच आठ कनेक्शन.

कॅटालिना डॉट आउटमध्ये टॉमकॅट सुरू होतानाचा भाग उघडा आणि मॅक्सअ‍ॅक्टिव्ह शोधा. तिथे वॉर्निंग मिळेल: ही प्रॉपर्टी डीबीसीपी २ मध्ये नाही, मॅक्सटोटल वापरा, त्याचा डीफॉल्ट ८ आहे, तुम्ही दिलेली किंमत दुर्लक्षित केली आहे. इतकं स्वच्छ लिहिलेलं असतं, पण स्टार्टअपच्या शेकडो ओळींत ते कुणाच्या नजरेला पडत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, आवृत्ती बदलली की पहिल्या स्टार्टअपची प्रत्येक वॉर्निंग वाचा. चहा घेत वाचा, पण वाचा.

ठाणेकर:
सोपा उपाय: रिसोर्समध्ये फॅक्टरी म्हणून टॉमकॅटच्या स्वतःच्या जेडीबीसी पूलचा डेटासोर्सफॅक्टरी द्या. तिथे मॅक्सअ‍ॅक्टिव्ह हेच नाव अजून चालतं, बाकी काही बदलायला नको.

सातपुडा:
ठाणेकर, बरोबर, तेही चालेल आणि तो पूल चांगला आहे. तिथे मॅक्सवेटही ३० सेकंद असतो, कायमचं थांबणं नाही. पण नुसती नावं चालली म्हणून इथलं दुखणं जाणार नाही. बिलाच्या दिवशी जास्त सुपरवायझर बसले तर मोठा पूलही रिपोर्टच खाऊन टाकतील. म्हणून माझं मत:

दोन डेटासोर्स करा. नोंदींसाठी एक, मॅक्सटोटल ४०, मॅक्सवेटमिलिस ५०००. रिपोर्टसाठी दुसरा, मॅक्सटोटल ५. सहाव्या सुपरवायझरला थांबू दे, कॅन घेऊन उभा असलेला शेतकरी थांबता कामा नये. मायएसक्यूएलचं मॅक्स कनेक्शन्स डीफॉल्टला १५१ असतं, त्यात हे बसतं. तरी बॅकअप आणि इतर अ‍ॅप किती घेतात ते बघून घ्या.

रिमूव्हअबँडन्डऑनबॉरो (बराच वेळ परत न आलेलं कनेक्शन काढून घेणारी सेटिंग) लावायला कुणी सांगेल. रिपोर्टच्या पूलवर लावू नका. त्याचा टाइमआउट ३०० सेकंद असतो, तुमची लांब क्वेरी चालू असतानाच कनेक्शन काढून घेतलं जाईल.

आता लक्ष ठेवायचं. रीस्टार्ट करायची वेळ आली तेव्हा कळलं, असं पुन्हा होऊ नये.

सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये होस्टच्या आत स्टकथ्रेडडिटेक्शनव्हॉल्व्ह टाका. त्याचा थ्रेशोल्ड ६०० सेकंद असतो, तो ६० करा. मिनिटभर अडकलेला थ्रेड तो स्टॅकसकट लॉगमध्ये लिहितो, म्हणजे पहाटे जेस्टॅक चालवायला तुम्ही नसलात तरी पुरावा राहतो. अ‍ॅक्सेस लॉगच्या पॅटर्नमध्ये टक्का डी (टॉमकॅट ९ मध्ये मिलिसेकंद) आणि टक्का आय (थ्रेडचं नाव) जोडा. टक्का आयमुळे कुठली रिक्वेस्ट कुठल्या थ्रेडवर होती ते डंपशी ताडता येतं.

पूल भरत चाललाय हे आधी कळण्यासाठी मॅनेजर अ‍ॅपचा जेएमएक्स प्रॉक्सी (चालू सर्व्हरचे आतले आकडे दाखवणारा) वापरा. मॅनेजर-जेएमएक्स हा रोल दिलेला एक युजर पुरतो. मशीनवरूनच कर्ल लावून थ्रेडपूलचा करंटथ्रेड्सबिझी (कामात असलेले थ्रेड) आणि डेटासोर्सचा नमअ‍ॅक्टिव्ह (वापरात असलेली कनेक्शन) दर मिनिटाला फाइलमध्ये लिहा. मॅनेजर बाहेरून उघडू नका, त्याच्या कॉन्टेक्स्टमधला रिमोटअ‍ॅड्रव्हॉल्व्ह लोकलहोस्टपुरता आहे तो तसाच ठेवा. जेएमएक्सचा पोर्ट ऑथेंटिकेशन बंद करून उघडा असा सल्ला खूप ठिकाणी मिळतो. कृपा करून तसं करू नका, त्या पोर्टपर्यंत पोचलेला माणूस तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकतो.

जेव्हीएमचे पर्याय बिनमधल्या सेटएन्व्ह डॉट एसएचमध्ये, कॅटालिना ऑप्ट्सखाली लिहा. जावा ऑप्ट्सखाली लिहिलेले पर्याय टॉमकॅट थांबवतानाही लागू होतात.

कृष्णाकाठ:
वॉर्निंग अगदी तुम्ही म्हणालात तशीच होती सर. जुन्या फाइलमध्ये मॅक्सअ‍ॅक्टिव्ह ६० होतं. दोन डेटासोर्स केले, व्हॉल्व्ह लावला. आज २१ तारीख. नोंदींच्या पूलचा नमअ‍ॅक्टिव्ह २३ च्या वर गेला नाही, सकाळभर एकही केंद्र अडकलं नाही. रिपोर्टचा पूल मात्र साडेसातपासून ५ वर पूर्ण भरलेला होता, आणि स्टकथ्रेड व्हॉल्व्हने एकाच क्वेरीची नोंद परत परत केलीय: संकलनाच्या टेबलावर सभासद क्रमांक आणि तारखेवरून बेरीज.

सातपुडा:
छान काम केलंत. आता ती क्वेरी एक्सप्लेन (मायएसक्यूएल क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा) लावून बघा. टाइपच्या रकान्यात ऑल आलं तर दर रिपोर्टला सगळं टेबल वाचलं जातंय. सभासद क्रमांक आणि तारीख मिळून एकच इंडेक्स करा, सभासद क्रमांक आधी. पण क्वेरीत तारखेवर फंक्शन लावलेलं असेल, म्हणजे महिना काढून तुलना वगैरे, तर तारखेसाठी तो इंडेक्स वापरला जाणार नाही. तिथे 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी थेट अट लिहा. इंडेक्स टाकायचं काम संध्याकाळचं संकलन आटोपल्यावर करा, टेबल मोठं असेल तर वेळ लागेल. एक्सप्लेनचं आउटपुट इथे टाका, बघतो.