मदत हवी आहे: मुलीला काय सांगू?

नमस्कार मंडळी, आम्ही मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती, आता पुण्यात असतो. लेक सातवीत आहे, परवा शाळेतून आली ती फुगूनच, कोणीतरी म्हणालं की तू ख्रिश्चन ना मग घरी इंग्लिशच बोलत असाल, आणि रात्री मला विचारते, आई आपण नक्की कोण गं?

खरं सांगते, मला पटकन बोलताच आलं नाही. माझी आजी नऊवारी नेसून, टाळ घेऊन उपासनेला कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची, नाताळला केकच्या आधी करंज्या. मला स्वतःला मी कोण ते तिच्या शेजारी चटईवर बसूनच कळलं, कोणी शिकवलं नाही. पण इथल्या आमच्या चर्चमध्ये सगळं गिटार नि इंग्लिश, लेकीला ते ऐकायलाच मिळत नाही. टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही अभंग लिहिले, हे सांगितलं तर ती म्हणे, अभंग म्हणजे?

तर कोणाकडे त्या भजनांच्या जुन्या चालींचं रेकॉर्डिंग आहे का? आणि तुमच्या मुलांनी हे विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलंत? प्लीज लेक्चर नको, घरात घडलेलं सांगा.