कॅन्सरच्या रुग्णात ल्युपस अँटिकोॲग्युलंट पॉझिटिव्ह आले तर काय समजावे?

प्रश्न

माझ्या वडिलांना जठराचा कॅन्सर आहे. केमोथेरपी सुरू असताना त्यांचा डावा पाय सुजला, डॉपलर तपासणीत मांडीच्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली आणि एनोक्सापॅरिन या हेपॅरिन गटातील रक्त पातळ करणाऱ्या औषधाची इंजेक्शने सुरू झाली. त्यानंतर तपासलेल्या रक्तात एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) वाढलेला असून ल्युपस अँटिकोॲग्युलंट पॉझिटिव्ह आहे. एपीटीटी वाढणे म्हणजे रक्त उशिरा गोठणे असे सांगण्यात आले. मग गुठळी झाली कशी? त्यांना ल्युपस नावाचा दुसरा आजारही जडला आहे का? पोटावर सगळीकडे काळेनिळे डाग पडले आहेत, म्हणून इंजेक्शनऐवजी गोळी चालेल का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

तुमचा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण ल्युपस अँटिकोॲग्युलंट ही प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) आहेत आणि त्यांचे नावच दिशाभूल करते. ती प्रथम ल्युपस या स्वप्रतिकारक आजाराच्या रुग्णांत आढळली म्हणून हे नाव पडले. ती असलेल्या बहुतेकांना ल्युपस नसतो. एपीटीटीच्या चाचणीत रक्त गोठण्यासाठी फॉस्फोलिपिड हा स्निग्ध पदार्थ मिसळावा लागतो आणि ही प्रतिपिंडे नेमका तोच अडवून धरतात, त्यामुळे तपासणीच्या नळीत वेळ लागतो. शरीरात मात्र ती बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या प्रथिनाच्या आधारे रक्तवाहिनीच्या अस्तराला आणि प्लेटलेट्सना चिकटून त्यांना उत्तेजित करतात व गुठळीला चालना देतात.

तरीही या रिपोर्टवर लगेच विसंबू नये. हेपॅरिन चालू असताना घेतलेल्या नमुन्यात ही चाचणी फसू शकते, आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) फार वाढलेले असल्यासही एपीटीटी लांबतो. नमुना इंजेक्शननंतर किती तासांनी घेतला हे प्रयोगशाळेला अवश्य कळवा. कॅन्सरमध्ये क्वचित फॅक्टर ८ या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाविरुद्धही प्रतिपिंडे तयार होतात. त्यांनीही एपीटीटी वाढतो, परंतु तेथे धोका रक्तस्रावाचा असतो, म्हणून हा फरक तपासून घेणे महत्त्वाचे आहे.

प्रतिसाद २

जठराच्या कॅन्सरमध्ये गुठळी होण्यासाठी या प्रतिपिंडांची गरज नसते. कॅन्सरच्या पेशी स्वतःच टिश्यू फॅक्टर हे रक्त गोठण्याची सुरुवात करणारे प्रथिन सोडतात, आणि केमोथेरपी व अंथरुणावर पडून राहणे त्यात भर घालतात. फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनी हा संबंध १८६५ मध्ये मांडला होता, म्हणजे प्रतिपिंडांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी.

कॅन्सरच्या रुग्णांत ही प्रतिपिंडे निरोगी माणसांपेक्षा अधिक वेळा आढळतात, पण अनेकदा ती कमी प्रमाणात असतात आणि संसर्ग ओसरल्यावर किंवा कॅन्सरवरील उपचारानंतर नाहीशी होतात. म्हणूनच निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या २००६ च्या सिडनी निकषांनुसार किमान १२ आठवड्यांच्या अंतराने चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह आल्याशिवाय अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (या प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होण्याचा आजार) म्हणत नाहीत. याच गटातील इतर प्रतिपिंडे शोधणाऱ्या अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या दोन चाचण्यांवर हेपॅरिनचा परिणाम होत नाही. त्या आताच करून घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. या दोन चाचण्यांविषयी उद्याच डॉक्टरांना विचारते. गोळीबद्दल कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद ३

गोळीचा निर्णय घाईने घेऊ नका. कॅन्सरमधील गुठळीवर ॲपिक्साबॅनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आता सर्रास दिल्या जातात, परंतु जठरातील गाठ काढलेली नसल्यास अशा गोळ्यांनी तेथून रक्तस्राव होण्याची भीती असते. शिवाय वरील तिन्ही प्रतिपिंडे पॉझिटिव्ह असलेल्या अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमच्या रुग्णांत, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या औषध-अभ्यासात रिव्हरॉक्साबॅन (ॲपिक्साबॅनच्याच गटातील गोळी) घेणाऱ्यांना वॉरफॅरिन ही जुनी गोळी घेणाऱ्यांपेक्षा पक्षाघात व हृदयविकाराचे झटके अधिक आले, आणि तो अभ्यास मुदतीपूर्वी थांबवावा लागला. वॉरफॅरिन द्यावे, तर केमोथेरपीत खाणेपिणे अनियमित असल्याने आयएनआर (वॉरफॅरिनचा परिणाम मोजणारी रक्तचाचणी) स्थिर राहत नाही. सिंड्रोम असो वा नसो, एनोक्सापॅरिन दोन्ही शक्यतांमध्ये चालते, म्हणून प्रतिपिंडांचा उलगडा होईपर्यंत तेच चालू ठेवणे मला सुरक्षित वाटते. अर्थात प्लेटलेट्स आणि मूत्रपिंडाचे कार्य पाहून डोस डॉक्टरच ठरवतील.

डाग कमी व्हावेत यासाठी रोज जागा बदला, बेंबीपासून किमान दोन इंच अंतर ठेवा आणि सुई काढल्यावर जागा चोळू नका, नुसती दाबून धरा. डाग पसरत गेले, शौच काळे झाले किंवा दम लागू लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्यांना थेट रुग्णालयात न्या.