सायटेशनच्या आकड्यावरून संशोधकाची पारख करावी का?

फोंडेकर
परवा पणजीत एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते मानसिक आजार आणि एपिलेप्सी (फीट येण्याचा आजार) यांच्या जनुकांवर काम करणारे. ओळख करून देताना त्यांनी काय शोधलं यावर एक वाक्य नाही. एच-इंडेक्स किती, सायटेशन किती, म्हणजे त्यांच्या पेपरांचा इतरांनी आपल्या पेपरांत किती वेळा उल्लेख केला, एवढंच. टाळ्याही त्यालाच पडल्या. माझं मत स्पष्ट आहे : या क्षेत्रात तरी या आकड्यावरून माणूस जोखू नये.

स्किझोफ्रेनियावरचा २०१४ चा गाजलेला पेपर घ्या. ३६,९८९ रुग्ण, तुलनेसाठी १,१३,०७५ जण, आणि आजाराशी जोडलेल्या जीनोममधल्या, म्हणजे माणसाच्या संपूर्ण जनुकीय माहितीतल्या, १०८ जागा. लेखक शेकडो. त्या पेपरचं प्रत्येक सायटेशन यातल्या प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण जमा होतं. एच-इंडेक्स ५० म्हणजे किमान ५०-५० सायटेशन मिळालेले ५० पेपर. त्यात त्या माणसाचा हात किती, हे कुठेच दिसत नाही.

बांबोळीचा रेसिडेंट
पटलं नाही. रुग्ण गोळा करणं ही काय हमाली आहे? घरच्यांना समजावून संमती घ्यायची, दोन-दोन तास मुलाखत घेऊन निदान पक्कं करायचं, मग रक्त. हे करणारे नसते तर १०८ पैकी एकही जागा सापडली नसती. त्यांना श्रेय मिळालं तर बिघडलं कुठे?

आणि आकडा काढून टाकलात तर उरेल ते 'तू कोणाचा?' गोवा केवढासा! निवड समितीतला एक तरी जण उमेदवाराच्या काकांना ओळखत असतो. आकडा निदान आडनाव बघत नाही.

डिचोलीची वाचक
आडनाव बघत नाही, पण खरं-खोटंही बघत नाही. २००३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं की मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित एका जनुकाचा आखूड प्रकार असलेल्यांना आयुष्यातल्या आघातांनंतर नैराश्य जास्त येतं. हजारो सायटेशन, आणि मागोमाग तसल्याच पेपरांची रांग. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर नैराश्याची अशी १८ गाजलेली जनुकं तपासली, तर एकालाही आधार मिळाला नाही. त्या १६ वर्षांत त्यावर किती जणांच्या पीएचड्या आणि नेमणुका झाल्या असतील? सायटेशन काही वजा होत नाहीत.

म्हापशाची आई
मी संशोधक नाही. माझ्या मुलाला सहाव्या महिन्यापासून ताप आला की लांबलचक फीट यायची. कार्बामाझेपिन हे फीटवरचं औषध सुरू केल्यावर ती वाढली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी जनुक तपासणी सांगितली : एससीएन१ए या जनुकात दोष, म्हणजे ड्रॅव्हे सिंड्रोम, तान्हेपणी सुरू होणारा एपिलेप्सीचा गंभीर प्रकार. हे जनुक मेंदूतल्या पेशींची सोडियमची वाट बनवतं. ती आधीच अधू, आणि हे औषध तीच वाट अडवतं. औषध बदललं, फरक पडला. ड्रॅव्हेशी या जनुकाचा संबंध बेल्जियममधल्या गटाने २००१ मध्ये दाखवला. तो पेपर इतक्यांनी उल्लेखला नसता तर आमच्या डॉक्टरांपर्यंत पोचला असता का?

फोंडेकर
ताई, पेपर पसरलाच पाहिजे. माझा वाद पेपरच्या आकड्यावरून माणसाला गुण देण्याशी आहे. कार्बामाझेपिनचंच बघा. २००४ मध्ये तैवानमध्ये या औषधाने अंगावरची कातडी सोलवटलेले ४४ रुग्ण तपासले; सगळ्यांत एचएलए-बी*१५:०२ हा जनुकाचा प्रकार होता. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी इशारा दिला. ४४ रुग्ण! तिथल्या डॉक्टरांनी तिथलेच रुग्ण नीट पाहिले म्हणून हे घडलं. याउलट जनुकांचे मोठे अभ्यास बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर आहेत. आता सत्तरी-पेडण्यातल्या अशा आजारांच्या कुटुंबांची नोंद कुणी आज सुरू केली, तर पहिली दहा वर्षं त्याचा आकडा किरकोळच राहणार. त्याला नेमणार कोण?

उमेदवाराने आपले तीन पेपर निवडावेत, प्रत्येकात स्वतः काय केलं ते लिहावं, आणि समितीने ते वाचावेत. संशोधनाचं मूल्यमापन कसं करावं यावरच्या २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचाही रोख हाच आहे : कामातला मजकूर बघा.

बांबोळीचा रेसिडेंट
तीन पेपरांचं मान्य. पण मग समितीत त्या विषयातला, गोव्याबाहेरचा जाणकार हवाच, आणि त्याचे शेरे लेखी, उमेदवाराला दाखवलेले. ही अट नसेल तर माझं मत आकड्यालाच.