एम१ मॅकबुक एअरला थर्मल पॅड लावावा का?

प्रश्न (खडखडाट_नको): एम१ एअर (ॲपलच्या एम१ चिपचा, बिनपंख्याचा लॅपटॉप), २०२० चं मॉडेल. व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की सुरुवातीची काही मिनिटं सुसाट, मग वेग घसरतो. उन्हाळ्यात खोलीत ३६-३७ अंश असतात. फॅनवाला कूलिंग पॅड खाली ठेवून काडीचाही फरक नाही. आत थर्मल पॅड (चिपची उष्णता झाकणाकडे नेणारा मऊ तुकडा) लावायचा तर किती जाडीचा, आणि कुठे?

प्रतिसाद (जुना_सोल्डर): कूलिंग पॅडचा उपयोग होणारच नाही. चिपवर ॲल्युमिनियमची पट्टी आहे, पण ती आणि खालचं झाकण यांच्यात हवेची फट आहे. उष्णता झाकणापर्यंत धड पोचतच नाही, मग बाहेरून वारा घालून काय होणार?

पी५ पेंटालोबने (पाच पाकळ्यांच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर) १० स्क्रू काढा. सगळे सारख्या लांबीचे नाहीत, कुठला कुठे होता ते मांडून ठेवा. आत हात घालण्याआधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. जाडी कुणाला विचारू नका, मोजा: मुलांच्या क्लेची गोळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून पट्टीवर ठेवा, झाकण हलकेच दाबून बसवा, चपटी झालेली गोळी व्हर्नियर कॅलिपरने मोजा. त्याहून पाव ते अर्धा मिमी जाड, मऊ सिलिकॉनचा पॅड घ्या. जास्त जाड घेतलात तर झाकण फुगतं आणि बोर्डवर दाब येतो. पातळ घेतलात तर टेकतच नाही, सगळी मेहनत पाण्यात. झाकणाची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅडच्या दोन्ही फिल्म काढा (एक हमखास राहते). ग्राफाइटचा पॅड नको, त्यातून वीज वाहते.

प्रतिसाद (वॅटमीटर): पॅड फक्त पट्टीवर, बॅटरीवर अजिबात नाही. आता झाकण चांगलंच तापेल, मांडीवर घेऊन काम बंद. ॲपलची वापराची मर्यादाच ३५ अंश आहे, तुमची खोली आधीच त्यापुढे. बॅटरी चार्ज होत असताना लांबलचक एक्सपोर्ट टाळा. तुमचा कूलिंग पॅड मात्र आता कामाला येईल. मशीन उघडायचंच नसेल तर लो पॉवर मोड लावा. वेग कमी, पण एकसारखा.

खडखडाट_नको: आणि ते एअरजेट?

वॅटमीटर: फ्रोर सिस्टिम्स कंपनीची कूलिंग चिप. पंख्याऐवजी कंप पावणारे पडदे हवा ढकलतात. एअरजेट मिनी २.८ मिमी जाड, सव्वापाच वॅट उष्णता काढते, स्वतः १ वॅट खाते, आवाज २१ डेसिबल. फ्रोरने एम२ एअरमध्ये बसवून दाखवलं होतं, पण ते प्रात्यक्षिक. त्याला हवेची वाट आखावी लागते, एअरच्या झाकणाला भोकंच नाहीत. घरी बसवायचा नाद सोडा.