मदत हवी आहे: पूरमैदान मोकळं करण्याचा फायदा पैशात कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी,

नदीकाठचा बांध मागे सरकवून जुनं पूरमैदान (पुराचं पाणी पसरायची नदीकाठची सपाट जमीन) पुन्हा पाण्याला मोकळं करायचं, अशा कामाचं खर्च-फायदा टिपण लिहितोय. खर्चाची बाजू सरळ आहे: जमीन, मातीकाम, देखभाल, बुडणाऱ्या पिकाची भरपाई. अडलोय ते फायद्यापाशी.

उदाहरणं तशी दमदार मिळाली. अमेरिकेत चार्ल्स नदीच्या खोऱ्यात लष्कराच्या अभियंता विभागाने १९७०च्या दशकापासून धरण-बांधांऐवजी सुमारे ८,००० एकर पाणथळ जमीन राखून ठेवली. बांधकामाचा अंदाज १० कोटी डॉलरचा, हे काम साधारण १ कोटीत भागलं. व्हरमाँटमध्ये २०११च्या आयरीन वादळात वरच्या अंगाच्या पाणथळींमुळे मिडलबरी गावाचं नुकसान ८४ ते ९५ टक्के कमी झालं, असा एक अभ्यास सांगतो. पण दोन्हीकडे पाणथळ आधीपासूनच शाबूत होती! माझ्यासमोर आहे ती निचरा करून कसलेली जमीन. ती पहिल्याच वर्षी तेवढं काम करेल, हे मला पटत नाही.

शिवाय पूर काही दरवर्षी येत नाही. मग टळलेलं नुकसान वर्षाला किती धरायचं? आणि शुद्ध पाणी, मासळी, भूजल यांची सरळ बेरीज केली तर एकच फायदा दोनदा मोजला जात नाही का?

'हेक्टरी इतके डॉलर' छापाचे तयार आकडे कृपया नकोत, ते कुठल्याही नदीला चिकटवता येतात.

प्रतिसाद १

तुमची शंका अर्धी बरोबर आहे. माती आणि वनस्पतींमधून पाणी शुद्ध व्हायला वर्षं लागतात, पण पूर साठवायची जागा बांध हलला की लगेच मिळते. दोन्ही फायदे वेगवेगळ्या वर्षापासून धरा.

१०, ५० आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरांचं नुकसान बांध आहे तिथेच ठेवून आणि मागे नेऊन, असं दोनदा काढा. १०० वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. दोन्ही स्थितींसाठी शक्यता आणि नुकसान यांचा आलेख काढा. दोन रेषांमधलं क्षेत्रफळ म्हणजे वर्षाचा सरासरी फायदा. फार मोठ्या पुरात मैदान आधीच भरून जातं, तिथे फायदा ताणू नका.

दुहेरी मोजणीचं म्हणाल तर शेवटचा उपयोग तेवढा मोजा. स्वच्छ पाण्यामुळे मासळी वाढली तर मासळीचेच पैसे धरा. जलशुद्धीकरणाचा वाचलेला खर्च मात्र वेगळा.

आणि डिस्काउंट रेट (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना धरायचा वार्षिक दर) कोणता घेताय? खर्च आज, फायदा पुढची पन्नास वर्षं. दर चढा घेतलात तर चांगला प्रकल्पही कागदावर तोट्यात जातो.