मदत हवी आहे: काळ्या कागदावर नेलपॉलिशचे रंग उमटत नाहीत (संग्रहालयातली सुट्टी कार्यशाळा)

निळीशाई:
दिवाळीच्या सुट्टीत संग्रहालयाच्या पक्षी-कीटक दालनात 8 ते 12 वयाच्या 20 मुलांसाठी दीड तासाची कार्यशाळा आहे. विषय : कोन बदलला की बदलणारे रंग. पाण्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब सोडून त्याचा पातळ पडदा काळ्या कागदावर उचलायचा आहे. चाचणीत पडदा सुरकुततो, कुठे नुसता चिकट डाग पडतो. काय चुकतंय? आणि मोरपिसाशी हे कसं जोडावं?

भिंगवाला:
कागद आधी बुडवा, थेंब नंतर. काळी कार्डशीट ट्रेच्या तळाशी पूर्ण भिजलेली हवी, वर 3-4 सेंमी साधं पाणी. थेंब एकच, पृष्ठभागापासून 1-2 सेंमीवरून. उंचावरून सोडला की बुडतो. ब्रश बाटलीच्या काठाला निपटून घ्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्यावर पडून गाठ होते. तोच तुमचा डाग.

थेंब पसरला की लगेच कागद एका कडेने तिरका उचला. थांबलात तर पॉलिशमधलं द्रावक उडून पडदा आखडतो, म्हणून सुरकुत्या. पंखा बंद ठेवा, खिडक्या मात्र उघड्या, कारण वास उग्र असतो. बाटली मोठ्यांच्याच हातात.

जेल पॉलिश चालत नाही, ते अतिनील दिव्याशिवाय वाळतच नाही. ट्रेला भांड्यांच्या साबणाचा अंश राहिला तरी थेंब पसरत नाही. प्रत्येक मुलानंतर वर्तमानपत्राची पट्टी पाण्यावरून ओढून उरलेला थर काढा. एका ट्रेवर पाचच मुलं, म्हणजे चार ट्रे.

निळीशाई:
कडेला रंग आले, मध्ये काहीच नाही!

भिंगवाला:
मध्ये थर जाड आहे. पडद्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून रंग ठरतो. त्यासाठी जाडी काहीशे नॅनोमीटर हवी (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). जाड थरात सगळे रंग एकत्र येऊन पांढरट दिसतं. थेंब लहान करा. आणि स्पॉटलाइटखाली नको, खिडकीच्या पसरट उजेडात बघा.

परागकण:
मोरपिसात पातळ पडदा नाही हे मुलांना नक्की सांगा, इथे काही माहितीफलकही घोटाळा करतात. त्याच्या बारीक तंतुकांत मेलॅनिन या रंगद्रव्याच्या दांड्यांची जाळी असते आणि दांड्यांमधल्या अंतरावरून रंग ठरतो. निळ्या भागात त्यांचं अंतर सुमारे 140 नॅनोमीटर, पिवळसर भागात 165च्या आसपास. मेलॅनिन स्वतः तपकिरी-काळं. पीस उजेडाच्या आड धरून मागून बघायला लावा, निळा-हिरवा जाऊन तपकिरी उरतो. आपला काळा कागद मेलॅनिनचंच काम करतो : आरपार गेलेला प्रकाश गिळतो. एक पांढरा कागदही करून ठेवा, त्यावर रंग जवळजवळ दिसत नाहीत.

शेजारी धूपछाव कापडाचा तुकडा ठेवा. तेही कोनानुसार रंग बदलतं, पण तिथे ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. प्रत्येक धागा रंगवलेलाच. मुलांना भिंगाने ते शोधू दे. प्रदर्शनातल्या पतंगाला किंवा भुंग्याला मात्र हात लावू देऊ नका, पतंगाच्या पंखांवरचे खवले लगेच निघतात.

निळीशाई:
सीडीसुद्धा ठेवू का?

परागकण:
ठेवा, पण वेगळ्या टेबलावर. तिथे 1.6 मायक्रोमीटर अंतरावरच्या रेघांमुळे प्रकाश फाकतो. वेळ कमी पडला तर आधी तीच वगळा. कागद वाळायला निदान 20 मिनिटं धरा, तेवढ्यात पिसांचं टेबल उरकतं.