आजी दुधाच्या पिशव्या धुऊन साठवते, म्हणून लेक तिच्यावर चिडते

रानजाई:
मुलगी दुसरीत आहे. शाळेत पर्यावरणावर कार्यक्रम झाला तेव्हापासून 'प्लॅस्टिक वाईट' हे तिच्या तोंडी बसलंय. सासूबाई दुधाच्या पिशव्या धुऊन खिडकीच्या गजावर वाळत घालतात आणि गठ्ठा झाला की भंगारवाल्याला देतात. परवा लेकीने तो गठ्ठा उचलून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि वर म्हणाली, "आजी, तू पृथ्वीला त्रास देतेस." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दिवसभर गप्प होत्या. जुन्या साड्यांची गोधडी, ताकाच्या भांड्याचं विसळलेलं पाणी कढीलिंबाला, असं सगळं आयुष्य त्यांनी काढलंय.

लेकीला रागवावंसं वाटत नाही. तिची काळजी खरी आहे. कासवाच्या पोटात पिशवी जाते हे ऐकून ती रडली होती. सात वर्षांच्या मुलांना यातलं नेमकं किती कळतं? आणि तिला आजीचं काम कळावं म्हणून काय करता येईल?

पाटीपेन्सिल:
मी प्राथमिक शाळेत शिकवते. या वयाच्या मुलांना 'पृथ्वी' म्हटलं की गोल चित्र दिसतं, आपलं घर त्यात कुठे बसतं ते दिसत नाही. घंटागाडीत गेलेला कचरा त्यांच्या लेखी संपलेला असतो. म्हणून तुमच्या लेकीने पिशव्या डब्यात टाकल्या. तिच्या हिशोबाने तिने चांगलंच काम केलं, हे आधी सासूबाईंना सांगा.

आम्ही वर्गात एका मोठ्या कुंडीत केळ्याची साल, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी आणि वेफर्सचं पाकीट पुरतो, वर थोडं थोडं पाणी. महिना-दीड महिन्याने उकरायचं. साल सापडतच नाही, कागदाचा लगदा झालेला असतो, चिंधी विरलेली असते, पाकिटावरची अक्षरं मात्र वाचता येतात. तेव्हा मुलं काय बोलतात ते नीट ऐका. एक मुलगा म्हणाला, "बाई, त्याला पाणी कमी पडलं असेल, पुन्हा पुरू." सगळंच कधीतरी कुजतं, असं त्यांना मनापासून वाटत असतं. लगेच दुरुस्त करू नका. पुन्हा पुरू द्या, पुन्हा उकरू द्या.

दुसरं, तिला भंगारवाल्याशी बोलू द्या. काका काय घेता, काय घेत नाही? दुधाची पिशवी तो घेतो, कारण ते वितळवून त्याचे दाणे करता येतात. वेफर्सचं पाकीट सहसा कोणी घेत नाही. त्यात प्लॅस्टिकचे आणि बहुधा ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. आपल्या राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली तेव्हाही दुधाच्या पिशव्यांना अटी घालून मुभा दिली होती. म्हणजे प्लॅस्टिक आणि प्लॅस्टिकमध्येही फरक असतो. हे सात वर्षांच्या मुलीला छान कळतं, फक्त आधी हातात घेऊन बघायला मिळालं पाहिजे.

आणि आजी पिशवी कशी कापतात ते तिला दाखवा. कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा. तो इवलासा त्रिकोण सुटला की कोणी वेचत नाही, गटारात जातो.

सोलापूररोड:
माझं बालपण फुरसुंगीत गेलं. पुण्याचा कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोत यायचा. वास, माशा, विहिरींचं खराब झालेलं पाणी, गावकऱ्यांची आंदोलनं, हे सगळं आम्ही पाहिलंय. 'कचरा जातो कुठे' हा प्रश्न आम्हा मुलांना कधी पडलाच नाही, तो आमच्याकडेच येत होता. शहरातल्या मुलांना हे सांगायलाच हवं.

पुण्यात असाल तर अजून एक सांगतो. २००८ पासून 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करतात. सुक्या कचऱ्यातलं विकण्याजोगं त्या विकतात, ते पैसे त्यांचे. धुतलेल्या, वाळलेल्या पिशवीला भाव असतो. भाजीच्या देठांत मळलेली तीच पिशवी त्यांना हाताने चिवडून काढावी लागते. लेकीने एकदा सुका कचरा स्वतः ताईंच्या हातात द्यावा, नमस्कार करून.

नेकारकाठ:
आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला असतो. इथे एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली घातली की परत मिळते. माझ्या पाच वर्षांच्या मुलाने त्यावरून निष्कर्ष काढला की बाटल्यांतून पैसे येतात, म्हणून आपण भरपूर पाणी विकत घ्यावं! ते पैसे आपणच आधी दिलेले असतात हे त्याला अजून पटत नाही. घरी नळाचं पाणी पितो, ते उत्तम आहे, पण यंत्राचा आवाज त्याला जास्त आवडतो. मुलं काय करतात एवढ्यावरून त्यांना काय कळलंय ते ठरवू नका, कारणही विचारा.

रानजाई:
मनापासून आभार. काल सासूबाईंनीच तिला कात्री दिली आणि कोपरा लटकता कसा ठेवायचा ते दाखवलं. तिचा पहिला प्रश्न, "मग तो त्रिकोण कासव खातं का?" यावर दोघींचं बराच वेळ चाललं होतं. कुंडी रविवारी भरू. पाटीपेन्सिल ताई, तेलकट पाकीट पुरलं तर मुंग्या होतील का?

पाटीपेन्सिल:
होतील, धुऊन पुरा. साल थोडी खोल घाला, म्हणजे चिलटं होणार नाहीत. आणि कुंडीवर तारीख तिच्याच हाताने लिहून घ्या, नाहीतर चौथ्या दिवशीच उकरायला बसेल.